संभाव्यता पायापासून शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

काटकोन

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण लहानसंच आहे. नमुना अवकाश (सगळ्या शक्य निकालांची, म्हणजे निष्पत्तींची, यादी) लिहा, घटनेतले घटक मोजा, भागाकार करा, झालं. परीक्षेपुरतं हे पुरतं. पण अकरावीत सशर्त संभाव्यता (एक गोष्ट घडल्याचं कळल्यावर दुसरीची संभाव्यता) आली किंवा स्पर्धा परीक्षेत जरा वळणाचं गणित आलं की हीच मुलं अडतात. अडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

१. दोन सारखी नाणी एकदम उडवली. डोळ्यांना तीनच प्रकार दिसतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. मग प्रत्येकाची संभाव्यता १/३ का नाही? पुस्तक चार निष्पत्ती लिहितं. का, तर "नाणी वेगळी धरायची" एवढंच उत्तर मिळतं.

२. बेरीज कधी आणि गुणाकार कधी? "किंवा दिसलं की बेरीज, आणि दिसलं की गुणाकार" हा क्लासमधला मंत्र ऐन वेळी तोंडघशी पाडतो.

३. "किमान एक" असलं की एकातून वजा का करायचं?

सूत्रांची यादी कुठेही मिळते. शिकण्याचा क्रम काय असावा आणि प्रत्येक ठिकाणी कारण काय सांगावं, यावर जाणकारांनी लिहावं ही विनंती.

वक्ररेषा

पहिल्याचं उत्तर चार. नाणी वेगळी "धरायची" नसतात, ती वेगळी असतातच.

एक रुपयाचं एक आणि पाच रुपयांचं एक नाणं घ्या. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. इथे चार निष्पत्तींबद्दल कोणी वाद घालत नाही. आता पाचाचं नाणं बाजूला ठेवून त्याच्या जागी दुसरं रुपयाचं नाणं घ्या. बघणाऱ्याला नाणी ओळखता येईनाशी झाली, पण नाण्यांच्या फिरण्यात त्यामुळे काही बदललं का? नाही. म्हणून एक-एक पडण्याचे मार्ग आधी दोन होते ते आताही दोनच, आणि संभाव्यता २/४.

दालांबेरसारखा मोठा फ्रेंच गणिती इथे घसरला होता. १७५४ मध्ये विश्वकोशातल्या नोंदीत त्याने विचारलं, दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? त्याचा युक्तिवाद असा: पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक करायची गरजच नाही. म्हणून प्रकार तीन: छापा, काटा-छापा, काटा-काटा. त्यातले दोन अनुकूल, उत्तर २/३. खरं उत्तर ३/४. प्रकार तीन आहेत हे त्याचं बरोबरच होतं, पण पहिल्या प्रकाराचं वजन १/२ आणि उरलेल्या दोघांचं प्रत्येकी १/४. मोजणी चुकली नाही, समसंभाव्यता (सगळे प्रकार सारख्याच शक्यतेचे आहेत का) न तपासता भागाकार केला.

चौकटचा_गुलाम

वक्ररेषा यांचं उत्तर बरोबर आहे, पण शिकवताना हा युक्तिवाद आधी आणू नये असं माझं ठाम मत आहे. आधी नाणी उडवू द्या. दोन नाणी एकदम, १०० वेळा, वहीत तीन रकाने आखून काड्या मारत. १/४ चा हिशोब खरा असेल तर "एक-एक" साधारण ५० वेळा येईल, १/३ चा खरा असेल तर ३३ वेळा. १०० फेकींत योगायोगाने होणारी चढ-उतार साधारण दहाची असते, म्हणजे पहिल्या हिशोबाने ४० ते ६०, दुसऱ्याने २४ ते ४३. आकडे वेगळे पडतात, निकाल लागतो.

हाच प्रयोग २० फेकींत उरकला तर फसतो. तिथे १० आणि ७ यांच्यात निवड करायची असते आणि चढ-उतार चारची. दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटेल असा आकडा येतो. वर्गात वेळ नसेल तर दहा जोड्या करा, प्रत्येक जोडीने दहा वेळा उडवायचं, मग फळ्यावर बेरीज.

सोनचाफा

छाछा, छाका, काछा, काका. चारातून एकदा काका येणारच. :)

त्रिज्या

सोनचाफा, तुमच्या काकांमुळे मुलांना यादी तरी पाठ होईल.

पहिल्या प्रश्नाला जोडून, हाच गोंधळ तीन फाशांवर फार सुंदर दिसतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओपुढे जुगाऱ्यांचा प्रश्न आला: तीन फाशांची बेरीज ९ होण्याचे प्रकार सहा, १० होण्याचेही सहाच. मग १० जास्त वेळा का पडतात?

९ चे प्रकार: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३.
१० चे प्रकार: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४.

तिन्ही आकडे वेगळे असतील तर तो प्रकार सहा रीतींनी पडतो, दोन सारखे असतील तर तीन रीतींनी, आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच रीतीने. ९ साठी ६+६+३+३+६+१ = २५. १० साठी ६+६+३+६+३+३ = २७. एकूण निष्पत्ती ६×६×६ = २१६. सगळा फरक त्या ३-३-३ मुळे पडला. यादीत त्याला १-२-६ च्या शेजारी एक ओळ मिळते, पण तो सहापट दुर्मिळ आहे.

२५/२१६ म्हणजे ०.११६ आणि २७/२१६ म्हणजे ०.१२५. शंभर फेकींत एकाचासुद्धा फरक नाही. तो ज्यांच्या ध्यानात आला त्या जुगाऱ्यांनी किती फासे टाकले असतील याचा अंदाज करा.

आडवा_छेद

क्रमाबद्दल लिहितो. माझ्या मते पहिले आठ-दहा तास पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनला (क्रम धरून किंवा न धरता निवडीचे मार्ग मोजण्याच्या पी आणि सी सूत्रांना) हातही लावू नये. ते मोजण्याचं यंत्र आहे, काय मोजायचं हे कळण्याआधी यंत्र हातात दिलं की मूल फक्त "इथे सी की पी?" एवढंच विचारत राहतं.

त्याऐवजी दोन फाशांचा ६×६ चा तक्ता हाताने काढायला लावावा. छापील नको. डावीकडे पहिला फासा, वर दुसरा, घरात जोडी. हा एक तक्ता पंधरवडाभर पुरतो.

बेरीज ७: तिरकी ओळ, ६ घरं. बेरीज २ आणि १२: एकेक कोपरा. १ पासून ६ पर्यंत चढत जाऊन पुन्हा १ पर्यंत उतरणारा बेरजांचा आकार मुलाला स्वतः दिसला पाहिजे. फरक शून्य: मुख्य कर्ण, ६ घरं. पहिल्या फाशावरचा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा: ३६ मधून कर्णाची ६ वगळली, उरली ३०, सममितीने निम्मी १५. इथे मोजण्याऐवजी सममिती वापरायची सवय लागते, ती पुढे फार कामाची.

आणि "किमान एका फाशावर ६": शेवटची आडवी ओळ ६ घरं, शेवटची उभी ओळ ६ घरं, पण कोपऱ्यातलं ६-६ दोन्हींत आहे. म्हणून १२ नाही, ११. बेरजेच्या नियमात छेद (दोन्ही घटनांतला सामाईक भाग) वजा का करायचा ते त्या एका घरावर बोट ठेवून दाखवता येतं. उरलेला ५×५ चा चौकोन म्हणजे "एकही ६ नाही", २५ घरं. ३६ − २५ = ११. काटकोन यांचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो: "किमान एक" मध्ये खूप प्रकार गोळा झालेले असतात, त्याच्या पूरक (म्हणजे ती न घडण्याच्या) घटनेत एकच.

काटकोन

तक्ता पटला. पण तीन-चार फेकी झाल्या की तक्ता काढता येत नाही. तिथे कारण कसं सांगावं?

वक्ररेषा

तिथे त्याच चौकोनाला एकेक मिती वाढवायची. एका फेकीत ६ न येण्याचे मार्ग ५, दोन फेकींत ५×५, चार फेकींत ५×५×५×५ = ६२५. एकूण मार्ग ६×६×६×६ = १२९६. किमान एकदा ६ येण्याचे मार्ग १२९६ − ६२५ = ६७१, म्हणजे ०.५१८.

याच्या शेजारी दुसरं गणित ठेवा: दोन फासे २४ वेळा टाकले तर किमान एकदा ६-६ येण्याची संभाव्यता? एकातून (३५/३६) चा चोविसावा घात वजा केला की येतात ०.४९१. पहिली पैज फायद्याची, दुसरी तोट्याची. शेव्हालिए द मेरे नावाच्या फ्रेंच लेखकाला दोन्ही सारख्या वाटत होत्या, कारण त्याचा हिशोब असा: ४ × १/६ = २/३ आणि २४ × १/३६ = २/३. त्याने पास्कालला गाठलं, आणि १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितींमध्ये झालेल्या पत्रव्यवहारातून या विषयाला शिस्त आली.

४ × १/६ हे का चूक, हे मुलांनाच शोधू द्या. "सहा वेळा टाकला तर?" उत्तर १. म्हणजे सहा फेकींत ६ हमखास? "सात वेळा टाकला तर?" ७/६. संभाव्यता एकाच्या वर गेली की बेरीज चुकीच्या जागी केली हे ज्याचं त्याला कळतं. ज्या घटना एकत्र घडू शकतात त्यांची नुसती बेरीज केली की मधला भाग दोनदा, तीनदा मोजला जातो.

लंबक

यावरून लुडो आठवला. "मलाच सहा पडत नाहीत" ही तक्रार मोजून बघण्यासारखी आहे. दहा वेळा फासा टाकून एकदाही ६ न येण्याची संभाव्यता (५/६) चा दहावा घात, म्हणजे ०.१६. एका खेळाडूपुरतं हे कमी वाटतं. पण चार जण खेळत असतील तर चौघांपैकी निदान एकाला पहिल्या दहा पाळ्यांत ६ न मिळण्याची संभाव्यता १ − (०.८३८५) चा चौथा घात, साधारण ०.५१. म्हणजे निम्म्याहून जास्त डावांत कोणीतरी रडकुंडीला आलेला असणारच. "किमान एक" चा हा दुहेरी वापर सरावाला चांगला आहे: आतल्या पायरीवर "एकही नाही", बाहेरच्या पायरीवर "किमान एक जण".

हातचा_एक

दुसऱ्या प्रश्नावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

"किंवा म्हणजे बेरीज" कुठे मोडतं: एक फासा, सम आकडा किंवा ३ पेक्षा मोठा आकडा. ३/६ + ३/६ = १. पण १ आणि ३ तर बाहेरच राहिले. ४ आणि ६ दोनदा मोजले गेले, ते वजा करून ४/६.

"आणि म्हणजे गुणाकार" कुठे मोडतं: वरच्याच ३६ घरांच्या तक्त्यात पहिल्या फाशावर ६ आणि बेरीज ७ पेक्षा मोठी. पहिल्याची संभाव्यता ६/३६, दुसऱ्याची १५/३६. गुणाकार केला तर ९०/१२९६, म्हणजे ३६ घरांत अडीच घरं. प्रत्यक्षात घरं आहेत पाच: ६-२ पासून ६-६ पर्यंत. पहिल्यावर ६ पडला की मोठ्या बेरजेची शक्यता वाढते, म्हणून साधा गुणाकार निम्माच आकडा देतो.

मंत्र द्यायचाच असेल तर प्रश्नाच्या रूपात द्यावा. बेरीज करण्याआधी विचारा: दोन्ही एकदम घडू शकतात का? गुणाकार करण्याआधी विचारा: पहिली घडल्याचं कळल्यावर दुसरीची संभाव्यता बदलते का? बदलत असेल तर बदललेली घ्या आणि मग गुणा.

परस्पर अपवर्जक (एकत्र घडूच न शकणाऱ्या) आणि स्वतंत्र (एकीमुळे दुसरीची संभाव्यता न बदलणाऱ्या) घटना यांत होणारी गल्लत सगळ्यांत चिवट आहे. "एकमेकांशी संबंध नाही" हे वाक्य मुलं दोन्हींना लावतात. अपवर्जक घटनांचा तर फार घट्ट संबंध असतो: एक घडली की दुसरी मेलीच. दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर अपवर्जक घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत.

चौकटचा_गुलाम

हातचा_एक, उत्तम. स्वातंत्र्य ही डोळ्यांनी बघून ठरवायची गोष्ट नाही, आकड्यांनी तपासायची आहे, हे पत्त्यांवर एका मिनिटात दाखवता येतं.

५२ पत्ते. एक्का येणं ४/५२, इस्पिक येणं १३/५२. गुणाकार १/५२. इस्पिकचा एक्काही एकच, १/५२. घटना स्वतंत्र.

आता कॅटमधून बदामचा राजा काढून टाका. ना तो एक्का, ना इस्पिक. राहिले ५१. एक्का ४/५१, इस्पिक १३/५१, गुणाकार ५२/२६०१. इस्पिकचा एक्का १/५१, म्हणजे ५१/२६०१. जुळलं नाही. ज्या पत्त्याचा दोन्ही घटनांशी काही संबंध नव्हता तो गेला आणि स्वातंत्र्य मोडलं.

सोनचाफा

हे आजच वहीत लिहून घेतलं. ५२ आणि ५१, काय जुळून आलंय!

पाणवठा

सशर्त संभाव्यतेसाठी तीन दारांचं कोडं घेतलं तर? एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या, सूत्रधार एक दार उघडून बकरी दाखवतो, आपण दार बदलावं की नाही. मुलांना जाम आवडतं.

आडवा_छेद

आवडतं खरं, पण सुरुवातीला नको. त्या कोड्यात एक अट गुपचूप बसलेली असते: गाडी कुठे आहे हे सूत्रधाराला ठाऊक आहे आणि तो मुद्दाम बकरीचंच दार उघडतो. ही अट असेल तर दार बदलल्यावर २/३. पण सूत्रधाराने न पाहता उरलेल्यांतलं कोणतंही दार उघडलं आणि योगायोगाने बकरी निघाली, तर बदला किंवा बदलू नका, १/२. दिसलेलं दृश्य दोन्हींत एकच, उत्तर वेगळं. हा फरक समजावण्याआधीच "गणित अंतर्मनाच्या विरुद्ध जातं" असा धडा मुलं घेतात, आणि मग स्वतःच्या तर्कावर विसंबणंच सोडतात.

त्याऐवजी पिशवी आणि गोट्या घ्या. ३ लाल, २ निळ्या, एकामागून एक दोन काढायच्या, परत टाकायच्या नाहीत. झाडाची आकृती काढा. दोन्ही लाल: ३/५ × २/४ = ३/१०. मग विचारा, पहिली न बघता बाजूला ठेवली तर दुसरी लाल असण्याची संभाव्यता किती? बरेच जण २/४ म्हणतात. झाडावर दोन फांद्या जोडून बघा: ३/५ × २/४ + २/५ × ३/४ = १२/२० = ३/५. पहिल्या गोटीइतकीच. पहिलीचा रंग कळला तरच दुसरीचा आकडा बदलतो. ती नुसती पिशवीबाहेर गेल्याने नाही.

त्रिज्या

सहमत. दोन अपत्यांच्या प्रश्नातही तेच होतं. "दोघांतली थोरली मुलगी आहे" म्हटलं तर दोन्ही मुली असण्याची संभाव्यता १/२. "किमान एक मुलगी आहे का?" असं विचारून "हो" उत्तर मिळालं तर १/३. आणि दोघांपैकी कोणीतरी एक सहज अंगणात दिसलं व ती मुलगी निघाली, तर पुन्हा १/२. (मुलगा-मुलगी समसंभाव्य धरून.) माहिती कशी मिळाली हे उदाहरणात नीट लिहिलेलं नसेल तर उत्तर वादग्रस्तच राहणार. अशी अर्धवट उदाहरणं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत बरीच सापडतात.

वक्ररेषा

बेजचा नियमही (पुरावा मिळाल्यावर संभाव्यता किती बदलते ते सांगणारा) सूत्राने शिकवू नये, माणसं मोजून शिकवावा. सोयीचे आकडे धरू: १०,००० लोक, त्यांतल्या १०० जणांना आजार. चाचणी १०० आजाऱ्यांतले ९० पकडते आणि १०० निरोग्यांतल्या ९ जणांना चुकून आजारी ठरवते.

आजारी १०० पैकी पॉझिटिव्ह ९०. निरोगी ९,९०० पैकी पॉझिटिव्ह ८९१. एकूण पॉझिटिव्ह ९८१, त्यात खरे आजारी ९०. म्हणजे ९ टक्के.

आता लक्षणं दिसतात म्हणूनच पाठवलेले १०,००० लोक घ्या, त्यात समजा २,००० आजारी. पॉझिटिव्ह १,८०० आणि ७२०, एकूण २,५२०. खरे आजारी ७१ टक्के. चाचणी तीच, किट तेच. बदलला तो सुरुवातीचा गट. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी मांडले की सूत्रातला प्रत्येक भाग कुठून आला ते दिसतं, आणि मग सूत्र लिहायला दोन मिनिटं पुरतात.

लंबक

एक मुद्दा राहिलाय. "सलग पाच छापे आले, आता काटा यायलाच हवा." नाण्याला आठवण नसते हे सगळे सांगतात, पण मुलांची खरी शंका वेगळीच असते: मग शेवटी निम्मे-निम्मे होतं ते कसं? हिशोब कधीतरी चुकता व्हायला नको का?

नाही, चुकता होत नाही. पातळ होतो. छापे आणि काटे यांच्या संख्येतला फरक फेकींबरोबर सरासरीने वाढतच जातो: १०० फेकींत साधारण ८, १०,००० फेकींत साधारण ८०. पण ८ भागिले १०० म्हणजे ८ टक्के आणि ८० भागिले १०,००० म्हणजे ०.८ टक्के. गणिती जॉन केरिख दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते, तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं. छापे आले ५,०६७. म्हणजे काट्यांपेक्षा १३४ जास्त, आणि तरी प्रमाण ५०.६७ टक्के.

संगणक असेल तर स्प्रेडशीटमध्ये रँडबिटवीन फंक्शनला ० आणि १ या मर्यादा देऊन हजार घरं भरा. शेजारच्या एका रकान्यात आतापर्यंतचा फरक, दुसऱ्यात आतापर्यंतचं प्रमाण, आणि दोन्हींचे आलेख. एक आलेख भटकत राहतो, दुसरा ०.५ कडे सरकतो. हा फरक डोळ्यांनी एकदा बघितला की पुरे.

हातचा_एक

इतका वेळ नाणी आणि फासेच चाललेत, म्हणून कवड्या आणतो. अष्टाचंगा खेळायला चार कवड्या लागतात. जितक्या उताण्या तितकं दान, चारही उताण्या तर चार, चारही उपड्या तर आठ.

कवडी नाण्यासारखी धरली तर एकूण १६ निष्पत्ती: एकचं दान ४/१६, दोनचं ६/१६, तीनचं ४/१६, चारचं १/१६, आठचं १/१६. पण कवडीची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी आणि फटीची. ती निम्म्या वेळा उताणी पडेल असं मानायला काही आधारच नाही. समजा उताणी पडण्याची संभाव्यता ०.४ निघाली. मग एक आणि दोन प्रत्येकी ०.३४५६, तीन ०.१५३६, चार ०.०२५६ आणि आठ ०.१२९६. आता आठाचं दान चारपेक्षा पाचपट वेळा पडतं! नुसत्या ०.१ च्या फरकाने पटाची सगळी चाल बदलली.

हे ०.४ कसं काढायचं? चार कवड्या १०० वेळा टाका, एकूण उताण्या मोजा, ४०० ने भागा. उत्तर साधारण ०.०५ इकडे-तिकडे धरून चाला. दोन गोष्टी सांभाळा. चारही कवड्या एका मापाच्या घ्या, नाहीतर प्रत्येकीचा आकडा वेगळा काढावा लागेल. आणि टाकायच्या त्या ओंजळीत खुळखुळवून, एकाच उंचीवरून, एकाच पृष्ठभागावर. सतरंजीवरचा आकडा फरशीवर चालेलच असं नाही.

सोळा निष्पत्ती इथेही आहेतच, फक्त त्या समसंभाव्य नाहीत. म्हणून मोजून भागाकार चालत नाही, प्रत्येक निष्पत्तीला तिचं वजन द्यावं लागतं.

पाणवठा

हे फारच आवडलं. चिंचोके चालतील का? अर्धे फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी.

हातचा_एक

चालतील, पण फोडताना जाडी कमी-जास्त होते. चारही चिंचोके प्रत्येकी १०० वेळा टाकून वेगवेगळे मोजा. पांढऱ्या बाजूचे आकडे एकमेकांपासून १५ पेक्षा जास्त लांब असतील तर त्या चारांची संभाव्यता एकच धरू नका.

त्रिज्या

कवड्यांमुळे पुन्हा काटकोन यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येता येतं. "दोन सारख्या वस्तू, दोन जागा, प्रकार तीन, प्रत्येकी १/३" हे उत्तर निसर्गात एका ठिकाणी बरोबर ठरतं! ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची मोजणी अशाच रीतीने केली. दोन फोटॉन आणि दोन अवस्था असतील तर "पहिला इथे, दुसरा तिथे" आणि "दुसरा इथे, पहिला तिथे" ही दोन वेगळी घरं नाहीतच; एकूण घरं तीन, आणि तिन्ही समसंभाव्य. या मोजणीतून प्लांकचा प्रारणाचा (तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा) नियम बाहेर पडला. बोस यांनी लेख आइन्स्टाइनला पाठवला आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून छापून आणला.

नाण्यांसाठी चार, फोटॉनसाठी तीन. कुठल्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत हे भागाकाराचं सूत्र सांगत नाही. ते त्या वस्तूकडूनच कळतं, प्रयोगाने.

चौकटचा_गुलाम

म्हणूनच म्हणतोय, आधी उडवू द्या.

वक्ररेषा

मान्य. पण १०० फेकींनंतर "चारच का" हा प्रश्न पडेल तेव्हा रुपया आणि पाच रुपयांचं नाणं लागेलच.

काटकोन

सगळ्यांचे आभार. असा क्रम धरते: दोन नाणी १०० वेळा, मग ६×६ चा तक्ता, त्यावरच छेद आणि पूरक घटना, मग गोट्यांचं झाड, मग १०,००० माणसांचा तक्ता, आणि शेवटी कवड्या. पर्म्युटेशन त्यानंतर. एकच शंका: बोर्डाच्या पेपरात "दोन नाणी एकाच वेळी फेकली" असं असताना मुलांनी नाणी वेगळी असल्याचं लिहायला हवं का?

आडवा_छेद

गरज नाही. नमुना अवकाश महिरपी कंसात पूर्ण लिहा, चारही जोड्या. त्याखाली घटकांची संख्या. मग घटना शब्दांत, तिचा संच, त्याची संख्या, आणि शेवटी भागाकार अतिसंक्षिप्त रूपात. संच न लिहिता थेट २/४ लिहू नये. तीन नाण्यांच्या आठ निष्पत्ती लिहिताना मुलं हमखास एखादी गाळतात, म्हणून पहिलं नाणं चार वेळा छापा, चार वेळा काटा, दुसरं दोन-दोन, तिसरं एकाआड एक. या रीतीने उभे रकाने भरले की एकही निष्पत्ती निसटत नाही.

क्रमात एक बदल सुचवतो: कवड्या शेवटी नको, तक्त्याच्या लगेच नंतर घ्या. समसंभाव्य नसलेलं उदाहरण फार उशिरा आलं तर तोवर भागाकाराची सवय पक्की होऊन बसते.